तिसऱ्या मजल्याचा कोपरा

घोडपदेवच्या आमच्या इमारतीत
जिन्याच्या तिसऱ्या वळणावर
एक लाल नकाशा वर्षानुवर्षं वाढत होता.
थुंकताना कुणी कुणाला पाहिलं नव्हतं.
शेवटी सभेत ठराव झाला : देव लावा.
मी सेक्रेटरी. बिलावर सही माझी,
टाइल्स चोवीस नग, सिमेंट वेगळं.

म्हसकर गोदीतला निवृत्त क्रेनवाला,
गालात कायम तंबाखूचा बार.
गवंडी पहिली टाइल ठोकत होता
तेव्हा पायरीवर बैठक मारून म्हणाला,
'वा! ज्यानं ब्रह्मांड उभं केलं
त्याला ड्युटी लागली पिचकारीवर.
पगार किती ठरला? रविवारची सुट्टी?'

'जीभ झडेल,' निर्मला घाग म्हणाल्या.
'झडू दे वहिनी, थुंकायचा प्रश्नच मिटला.'

कोयंडे समजुतीनं म्हणाले,
'अहो, देव कणाकणात असतो.'
'मग या डागात नव्हता होय?
तेव्हा निजला होता,
आणि साठ रुपयांच्या चित्रानं जागा झाला?'
कोयंड्यांनी घसा खाकरला.
(थुंकले नाहीत, नमूद करतो.)

बेनी डिमेलो हळूच म्हणाला,
'मदर मेरीला जरा बाजूला घ्या,
वर पाइप गळतोय.'
'तिथंच राहू दे, बेनी. डोळ्यांतून पाणी आलं
की रांग लागेल रे रोडपर्यंत.
फक्त प्लंबरला बोलवू नकोस.'

युनूस चौगुलेनं दोन्ही हात वर केले,
'आमच्यात तसबीर नसते,
आणि ७८६ इथं नको, पाय लागतो.
एक साधी हिरवी लावा, कोरी.'
'हा खरा हुशार! देवच दिसत नाही,
नेम धरणार कुठं?'
'काका, आधी बार काढा,
तुमचं अर्धं तत्त्वज्ञान गालातच अडकतंय.'

निर्मलाबाईंना तेवढ्यात सापडलं.
'आणि पत्ता काय लिहिता हो? घोडपदेव!
देवाचं नाव घेतल्याशिवाय
तुमचं पेन्शनचं पाकीटसुद्धा पोचत नाही.'
'पिनकोडवर पोचतं.'
'सांगा बघू पिनकोड.'
'चार लाख तेहतीस.'
'तेहतीस!' जिना दणाणला,
'फक्त कोटी लिहायचे राहिले!'
म्हसकरलाही हसू आलं,
ते त्यानं तंबाखूखाली दडपलं.

मग कोयंडे उभे राहिले. आवाज बदलला.
'नाही ना मानत? मग थुंका.
या मधल्या टाइलवर. आत्ता.'

गवंड्याची थापी थांबली.
म्हसकर उठला, गाल भरलेला,
क्रेनसारखी मान पुढं काढली,
ती तशीच राहिली थोडा वेळ
भिंतीपासून वीतभर.
मग फिरला आणि उतरत गेला
तीन मजले, दुखरे गुडघे धरून,
थेट रस्त्याकडेच्या गटारापर्यंत.

'घाबरला!'
'चमत्कार!'
निर्मलाबाईंनी तिथल्या तिथं नारळ फोडला.
म्हसकर वर आला धापा टाकत,
'घाबरतो कशाला? मंजूबेननं
सकाळीच पुसलंय. तिला परत वाकावं लागलं असतं.'
पण खोबरं वाटलं जात होतं,
कुणी ऐकलं नाही.
एक तुकडा त्यानंही खाल्ला.

पंधरा दिवसांनी मीच विचारलं,
'काय मंजूबेन, आता आराम?'
'कसला आराम, शेठ.
आधी फक्त थुंकी होती.
आता कुंकू, उदबत्तीची राख,
सडकी फुलं, आणि तेल.
तेल निघत नाय.
हिरवीवाली तेवढी चांगली आहे.'
तिला पन्नास रुपये वाढ द्यावी
असा विषय मी सभेत ठेवला.
वेळेअभावी पुढे ढकलला.

काल रात्री लाइट गेली होती.
कोयंडे टॉर्च घेऊन वर चढत होते.
मधल्या टाइलपाशी चप्पल काढली,
हात जोडले, चप्पल घातली,
एक मजला आणखी वर गेले.
तिथली भिंत अजून कोरी आहे.
मी अंधारात फक्त आवाज ऐकला.
आणि आवाज म्हणजे पुरावा नव्हे,
असं म्हसकरच नेहमी सांगतो.